शेवटचा वाटा

“तोंड जरा हसता ठेव गो उजा. तुका बघूक येतत, मयतीक नाय,” गुणाआत्या माझ्या निऱ्या ओढून बसवत म्हणाली.

“हसान काय उपयोग? आबा नायच म्हणतले.”

“म्हणांदेत. चाय पिवन जातले बिचारे. पण उद्या बंदरार कोणी म्हणूक नको, लवू कुबलाचा चेडू रडक्या तोंडाचा म्हणान.”

गुणाआत्या ही आबांची थोरली बहीण. मोठ्या बंदरावर दिलेली, तोंडानं फटकळ, आणि लग्नं जुळवायची हौस दांडगी. हे स्थळ तिनंच आणलं होतं, तेही आबांना न विचारता. पाहुण्यांना दिवस देऊन मोकळी झाली आणि मग भावाला सांगायला आली. दारात येणाऱ्या माणसाला परत धाडायची रीत आमच्याकडे नाही, म्हणून आबा गप्प बसले होते. पण त्यांनी आदल्या दिवशीच आईला बजावून ठेवलं होतं, “पाव्हणे आसत म्हणान चाय दितंय. चेडू देवचंय नाय.”

मुलगा तसा लाखात एक होता. उल्हास मेथर. आईबाप लहानपणीच गेलेले, काकानं वाढवलेला, इंजिनाच्या कामात हुशार. घोडं अडलं होतं ते काकापाशी. वासूशेठ मेथरांची पर्ससीनची बोट होती आणि उल्हास तिच्यावर ड्रायव्हर होता.

आमची खडपेवाडी रापणकरांची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. ते एका घराचं नसतं, सगळ्या वाडीचं असतं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवायचं, होडीनं जाळं सोडत सोडत समुद्रातून वळसा घ्यायचा आणि दुसरं टोक परत किनाऱ्याला आणायचं. मग दोन्ही बाजूंनी वाडीनं ओढायचं. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा. मग ती म्हातारी असो, घरात पुरुषमाणूस नसलेली बाई असो, नाहीतर वाटेनं जाणारा परका असो.

पर्ससीनचं जाळं याच्या अगदी उलट. ते माशांच्या थव्याला चहूबाजूंनी घेरतं आणि खालून बटव्यासारखं आवळतं. त्यातून पिल्लूसुद्धा सुटत नाही. सरकारनं त्या बोटींना हद्द आखून दिली होती, पण हद्द पाण्यावर थोडीच दिसते? दोन वर्षं त्या बोटी आमच्या तोंडाशी येऊन मासा उचलून नेत होत्या आणि आमच्या रापणीत शेवाळ नि खेकडे येत होते. अर्ज झाले, मोर्चे झाले, बंदरावर हातघाईसुद्धा झाली. शेवटी पावसाआधी वाडीनं रवळनाथाच्या देवळात नारळ ठेवला. ज्या घराची बोट रापणीच्या पाण्यात शिरेल, त्या घराशी सोयरीक नाही. मुलगी द्यायची नाही, करायची नाही. नारळ ठेवणारे हात माझ्या आबांचे होते, कारण रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, तेच.

आणि मला उल्हास आवडला होता. आडपडदा कशाला ठेवू? आईबरोबर बर्फ आणायला मी मोठ्या बंदरावर जायची, तेव्हा तो तिथं बर्फ फोडायचं यंत्र दुरुस्त करताना दिसायचा. एकदा यंत्र बंद म्हणून आम्ही उन्हात ताटकळलो आणि मी बर्फवाल्याशी कडाकडा भांडले. यंत्राखालून उल्हासनं डोकं बाहेर काढून विचारलं, “बर्फ बांगड्यांका व्हयो, काय तुमका?” सगळे हसले. मला भयंकर राग आला, आणि तो राग घरी येईपर्यंत कुठं गेला ते कळलंच नाही. आता तोच माणूस मला बघायला येणार, पोहे खाणार, आणि आबा त्याला गोड बोलून वाटेला लावणार, हे सगळं मला हसऱ्या तोंडानं बघायचं होतं.

पाहुणे आले. वासूशेठ पांढऱ्या शुभ्र शर्टात, खिशात मोबाईल. त्या काळी मोबाईल खिशातून दिसेल असाच ठेवत. त्यांच्या मागं काकू, अंजिरी रंगाच्या रेशमी साडीत, अंगानं भरलेल्या आणि बोलायला मोजक्या. शेवटी उल्हास. त्याला चोपून भांग पाडलेला बघून मला हसू आवरेना, आणि आत्यानं ते हसू बघून समाधानानं मान हलवली.

मी पोहे दिले. ओसरीवर बोलणं काही रंगेना. वासूशेठ इंजिनाच्या ताकदीबद्दल बोलत होते. आबा “होय काय?” आणि “आसतला” याच्यापुढं जात नव्हते.

“तांडेल, तुमी अजून ती रापणच धरून बसलास,” वासूशेठ शेवटी म्हणाले. “दिवसभर इतकी माणसा ओढतत आणि घराक जाता काय? टोपलीभर बांगडे. जग खंय गेला!”

“टोपलीभर, पण सगळ्यांच्या घराक जातत,” आबा म्हणाले.

काकूंनी मान वर करून आबांकडे बघितलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात किनाऱ्यावरून आरोळी आली.

“रापऽऽण! मासो लागलोऽऽ!”

आबांच्या हातातला कप खाली कधी आला ते दिसलंच नाही. ते उठून उभेच. पाठोपाठ जयवंतकाका अंगणात धापा टाकत आले. ते रापणीतले आबांचे उजवे हात.

“लवू, बांगडो! पाणी तांबडा झालाहा. आणि निम्मी माणसा लग्नाक गेलीत, मेलो!”

“आसत तितकी घेव. होडयेत जाळा भरा.” आबा पाहुण्यांकडे वळले. “बसा तुमी. घर तुमचाच आसा. रापण लागली काय माका बसाक गावणा नाय.”

आणि गेले. आई गेली, आत्यासुद्धा पदर खोचून गेली, इतकी वर्षं बंदरावर काढूनही. मला मात्र जाताना दटावून गेली, “तू हयच ऱ्हव. पाव्हण्यांका एकटे सोडू नको.”

मी माजघरात बशा विसळत उभी राहिले. जीव सगळा किनाऱ्यावर. तेवढ्यात ओसरीच्या कडेनं वासूशेठांचा आवाज आला. हळू, पण कामाचा.

“हां. कड्याच्या पलीकडेच आसस मा? मगे ये. खडपेवाडी. बांगडो आसा, मोठो. तेंची होडी अजून भरताहत, माणसा पण नाय आसत तेंच्याकडे. बेगीन ये.”

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. आमच्या घरात बसून, आमचे पोहे खाऊन हा माणूस आमच्याच माशावर आपली बोट घालत होता!

“काका,” उल्हासचा आवाज. “ह्या बरा नाय.”

“काय बरा नाय? धंदो धंद्याच्या जागी.”

“तेंचे पोहे अजून तोंडात आसत आपल्या.”

“मगे गिळ,” वासूशेठ म्हणाले.

मी बाहेर आले. काय बोलणार होते ते मला आज आठवत नाही, पण चांगलं नक्कीच नव्हतं. बोलायची वेळच आली नाही. उल्हासनं चपला काढल्या होत्या आणि तो वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होता. मला बघून त्याची मान खाली गेली. त्यानं बशी उचलून काकूंच्या हातात दिली आणि मला विचारलं, “दोर खयसर धरूचो?”

“चला, दाखयतंय,” मी म्हटलं, आणि नव्या साडीचा काष्टा मारला.

किनाऱ्यावर गेले तर होडी निघालेली. आबा होडीच्या टोकावर उभे, चार वल्ही पाण्यात, आणि मागून जाळं उलगडत चाललेलं. वासूशेठांच्या फोनबद्दल त्यांना सांगायचं तर आता पोहूनच जावं लागलं असतं. दोराच्या या टोकाला जयवंतकाका, आई, आत्या, आणखी चार बाया आणि दोन म्हातारे. एरवी जिथं वीस माणसं असतात तिथं एवढेच. आणि त्या दिवशी पाण्याला ओढ अशी की दोर दर लाटेला हातभर पुढं सरकत होता. दोर सुटला असता तर जाळं उलटलं असतं आणि मासा बाहेर. म्हणून फोनचं मी कोणालाच बोलले नाही, भांडणात दोर सुटला असता.

मी घुसले आणि माझ्या मागं उल्हास घुसला. आत्यानं वळून बघितलं, माझ्याकडे, मग त्याच्याकडे, आणि काही न बोलता परत ओढायला लागली. आत्या गप्प राहिल्याचे प्रसंग तिच्या आयुष्यात फार नाहीत.

“इंजिनवालो दोर ओढता?” मी मान न वळवता विचारलं.

“ओढता. पण भांडणारा कोण पुढे आसला काय जरा भीती वाटता,” तो म्हणाला.

थोड्या वेळानं वासूशेठ आणि काकू वाळूतून येताना दिसले. परक्याच्या रिकाम्या घरात दोघं किती वेळ बसणार? काकू थेट पाण्याजवळ आल्या. वासूशेठ कोरड्या वाळूवर, बूट सांभाळत, हात मागं बांधून उभे राहिले. त्यांची नजर सारखी कड्याकडे जात होती.

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि आम्ही सगळेच्या सगळे फरफटत पुढं गेलो. आई गुडघ्यावर आली. दोर हातातून सळसळत निघाला.

“अरे टाचा रोवा! टाचा!” कोणीतरी मागून ओरडलं. “मागचो माणूस खाली बसांदे! कंबरेक घेवा दोर, हातान काय धरतास!”

ते वासूशेठ होते. त्यांच्या तोंडून ते निघालं आणि पुढच्या क्षणी ते स्वतःच आले. एक बूट वाळूत रुतून मागं राहिला, दुसरा त्यांनी लाथाडला. दोराचं शेपूट धरलं, कंबरेला एक वेढा घेतला आणि वाळूत चक्क फतकल मारून बसले. दोर थांबला.

“हां! आता धरा. लाट येयत तेव्हा फक्त धरा. लाट मागे गेली काय ओढा. होऽऽ, ओढा!”

आम्ही ओढलं. पांढरा शर्ट चिखलानं माखला होता आणि वासूशेठांचा चेहरा एखाद्या पोराचा असावा तसा झाला होता. काकू बाजूला उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्याही दोराला आल्या, माझ्याच शेजारी.

“हेंचो बापूस तांडेल होतो,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “रापणीचोच. पोटाक व्हया म्हणान बंदरार इले, मगे बोट घेतली. पण हात इसारणत नाय बघ.”

आणि त्याच वेळी कड्याआडून बोट आली.

निळी-पिवळी, उंच नाळेची, मागं जाळ्याचा डोंगर. इंजिनाचा आवाज पाण्यावरून छातीत बसत होता. रापणीचा वळसा अजून अर्धाच झालेला. होडी खोल पाण्यात, आणि दुसरी बाजू सताड उघडी. बोट त्या उघड्या बाजूनं आत आली तर मासा तरी बिथरणार, नाहीतर बोटीचा पंखा आमचं जाळं फाडणार. दूर होडीत आबा उभे राहून डोक्यावरचा पंचा फिरवत होते. बोट कशाला जुमानते? ती येतच होती.

“मेथराची बोट!” जयवंतकाका ओरडले आणि गर्रकन वासूशेठांकडे वळले. “शेठ, ही तुमची बोट हय खंय?”

त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला.

फोन वाजतोय आणि त्यांचे दोन्ही हात दोरावर. सोडता येईनात. सोडले असते तर आम्ही सगळे तोंडावर पडलो असतो, आणि ते त्यांना आमच्याइतकंच कळत होतं.

“चेडवा,” ते मला म्हणाले. “खिशातलो फोन काढ. कानाक लाव.”

मी एक हात सोडून फोन काढला. बटण दाबलं. आतून कोणीतरी ‘शेठ, शेठ’ करत होतं. पण मी तो त्यांच्या कानाला लावला नाही.

“आधी सांगा,” मी म्हटलं. “तेका काय सांगतलास?”

माझी ही हिंमत! ज्यांच्या घरी मला द्यायची की नाही याचा विचार चालला होता, त्या घरच्या कर्त्या माणसाला मी सगळ्यांच्या देखत जाब विचारत होते. आत्यानं डोळे मिटून घेतले. वासूशेठांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं, उल्हासकडे. तो दोर धरून त्यांच्याकडे टक लावून बघत होता. पलीकडे समुद्रात होडी लाटेवर वर जात होती आणि खाली येत होती.

“लाव गो कानाक!” ते ओरडले.

मी लावला.

“खंय शिरतंस रे मेल्या!” त्यांनी असा आवाज लावला की फोनाशिवायही बोटीवर ऐकू गेला असता. “रापण पडलीहा ती दिसणा नाय? डोळे फुटले? ... मासो मोठो आसा तर आसांदे! पंखो जाळ्यात गेलो तर हातपाय मोडतलंय तुझे! फिरव! ... होय, मीच बोलावलंय! मघाशी मीच बोलावलंय आणि आता मीच सांगतंय, फिरव बोट! रापण आसा ही! बापाशीन शिकवल्यान नाय तुका? रापणीत कोण शिरता?”

ते दम लागून थांबले. मी फोन बंद केला आणि परत त्यांच्या खिशात ठेवला.

‘मीच बोलावलंय’ हे सगळ्यांनी ऐकलं होतं. जयवंतकाकांचा जबडा घट्ट झाला होता. एरवी त्यांनी माणसाला वाळूत लोळवलं असतं. पण दोर कोणी सोडला नाही, आणि वासूशेठांना दोर सोडा म्हणूनही कोणी म्हटलं नाही. बोटीनं जागच्या जागी मोठं वळण घेतलं आणि ती कड्याआड गेली. तिच्या लाटा आमच्या पायाशी आल्या तेव्हा आम्ही फक्त धरून राहिलो.

मग होडी वळसा पुरा करून किनाऱ्याला लागली. आबा आणि वल्हेकरी दुसऱ्या दोरावर गेले. ऊन कलेपर्यंत ओढलं. दोन्ही बाजू हळूहळू जवळ येत गेल्या आणि मधलं पाणी उकळायला लागल्यासारखं झालं. जाळ्याची खोळ वाळूवर आली तेव्हा आत नुसता बांगडा होता. जिवंत, तडफडणारा, दोन वर्षांत आम्ही बघितला नव्हता इतका. आई वाकून त्याला हात लावत होती आणि रडत होती. म्हातारे हसत होते. आत्या वासूशेठांना विसरून उल्हासच्या पाठीवर थापा मारत होती.

जयवंतकाका आबांना बाजूला घेऊन गेले. लांबून नुसते त्यांचे हातवारे दिसत होते. कानाला हात, कड्याकडे हात, मग वासूशेठांकडे. आबांनी सगळं ऐकलं. ते पाण्यात गेले, तोंड धुतलं, आले आणि म्हणाले, “वाटे पाडा.”

“कोणाकोणाचे?” जयवंतकाकांनी विचारलं.

“दोराक हात लागले तितक्यांचे.”

आमच्याकडे वाटे पाडायची एक पद्धत आहे. ओल्या वाळूवर माशांचे ढीग ओळीनं लावतात. तांडेल ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून बसतो, म्हणजे कुठला ढीग लहान नि कुठला मोठा हे त्याला दिसत नाही. मागून एकजण ढिगाला काठी लावून विचारतो, हा कोणाचा? तांडेल नाव घेतो. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरची बाई पुढं होते आणि ढीग टोपलीत भरून उचलते. पुरुषानं आपला वाटा उचलायचा नाही, तो उचलायचा मान घरच्या बाईचा. बायांनी स्वतः ओढलेल्याचा वाटा त्याच घरच्या ढिगात पडतो. आणि शेवटचा ढीग उचलला जाईपर्यंत तांडेलानं मागं वळायचं नाही.

आबा बसले. नावं निघत गेली. आमच्या घराचा वाटा आईनं उचलला. आत्या आमच्याच घरात धरलेली. मी रिकामी टोपली घेऊन नुसती उभी होते.

“हो कोणाचो?”

“वासू मेथराचो,” आबा म्हणाले. शेठ नाही, नुसता वासू.

वासूशेठ उघड्या पायांनी दोन पावलं पुढं आले.

“माझो नको, लवू. बोट मीच बोलावलेलंय. तुझ्या घरात बसान बोलावलंय.”

“सांगल्यान माका जयवंतान,” आबा पाठमोरेच म्हणाले. “बोलावलंस तू आणि परत धाडलंस पण तूच. दोराक हात लागलो, वाटो पडलो. पण एक ऐकान ठेव. वाटो घेतलो तो रापणीचो माणूस. तेची बोट मगे ह्या पाण्यात येवची नाय. घेवचो काय नाय ता तुझा तू ठरव. जबरदस्ती नाय.”

वासूशेठ त्या ढिगाकडे बघत राहिले. बंदरावर असा ढीग त्यांच्या बोटीवरून सांडून जात असेल. त्यांनी तळहात उघडून बघितले. दोरानं सालटी निघाली होती.

“भागीदार बोंबलतलो माझो,” ते म्हणाले.

“बोंबलांदेत,” काकू म्हणाल्या. दिवसभरात त्यांचा आवाज एवढा मोठा पहिल्यांदाच आला. “माझ्या बापाशीच्या घराक वाटो येय. सासऱ्यांच्या घराक येय. तुमी बोट घेतल्यापासून घरात मासो भरपूर आसा, पण वाट्याचो मासो मी शिजवलंय नाय. उचलू काय?”

वासूशेठांनी मान खाली घातली.

“उचल.”

काकूंनी रेशमी पदर कमरेला खोचला, कोणाची तरी टोपली ओढून घेतली आणि ढिगाजवळ गुडघे टेकले. अंजिरी साडीवर माशांचं पाणी, वाळू, खवले. त्यांना कशाचं काही नव्हतं. बाया पुढं होऊन त्यांना टोपली भरू लागल्या.

“नारळ सुटलो गो,” आत्या माझ्या कानात कुजबुजली. “तेंची बोट येवची नाय तर नारळ खयचो आडवो येतलो?”

पुढचं इथंच सांगून टाकते. वासूकाकांची बोट आमच्या पाण्यात परत कधी आली नाही. भागीदारानं भांडून हिस्सा काढून घेतला, काकांनी पर्ससीनचं जाळं उतरवलं आणि साध्या जाळ्यावर आले. शेठपणा बराचसा गेला, आवाज तेवढा राहिला. दुसऱ्यांच्या बोटी मात्र येतच राहिल्या. अजून येतात आणि अजून आम्ही भांडतो. आता त्या भांडणात वासूकाका सगळ्यांच्या पुढं असतात आणि शिव्या त्यांच्याच सगळ्यांत तिखट.

तर त्या दिवशी. वाळूवर एकच ढीग उरला होता. जयवंतकाकांनी त्याला काठी लावली.

“हो शेवटचो. कोणाचो?”

“उल्हास मेथराचो,” आबा म्हणाले.

उल्हास जागचा हलला नाही. त्यानं हलायचं नसतंच. जयवंतकाकांनी इकडेतिकडे बघितलं.

“उचलतला कोण हेचो? काकूचे हात भरलेत. आवस नाय हेका.”

एक बांगडा ढिगावरून घसरला आणि वाळूत तडफडला. मी आबांच्या पाठीकडे बघत होते. उघडी, उन्हानं रापलेली, खारट पाणी वाळून पांढरी झालेली पाठ. ती पाठ नाही म्हणणार असं मी सकाळपासून धरून चालले होते. आता ती काय म्हणेल ते मला कळत नव्हतं.

“उजा,” आबा समुद्राकडे बघत म्हणाले.

“काय?”

“तुझी टोपली रिकामीच आसा मा?”

मला काय ऐकलं ते कळायला थोडा वेळ लागला. आत्यानं मागून एक सणसणीत चिमटा काढला.

“आसा,” मी म्हटलं.

“मगे बघ. तुका उचलूचो आसलो तर.”

मी गेले. ढिगाजवळ बसले आणि दोन्ही हातांनी मासे भरायला लागले. सगळी वाडी बघत होती आणि मला कोणाची लाज वाटली नाही. टोपली भरली, काठोकाठ. माशाची भरली टोपली एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. समोरून कोणीतरी हात लावावा लागतो. मी वर बघितलं. आई रडत होती, आत्या रडत होती, काकू हसत होत्या, आणि कोणी म्हणून पुढं येईना.

“बघतास काय?” मी उल्हासला म्हटलं. “हात लावा.”

तो आला. एका बाजूनं त्यानं धरली, एका बाजूनं मी, आणि टोपली माझ्या डोक्यावर चढली. तेव्हा आबा मागं वळले.